उरलेले बावीस पाठ

घोडपदेव
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. मनालीस सप्रेम जयभीम.

पहिला आला तो प्रफुल्ल. चपला काढता काढता दारातूनच म्हणाला, "काकी, तुमचा कॉम्प्युटर चौदा ऑक्टोबरला मरणार." माझे हात पिठात. म्हटलं, "मेल्या, सकाळी सकाळी कुणाच्या मरणाची तारीख सांगतोस? आत ये नि नीट बोल." हा आपला खालच्या मजल्यावरचा प्रफुल्ल, करी रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय तोच. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, लग्नाचं नाव नाही. त्याच्या मागोमाग त्याची आई कमलाबाई आली. तिला कढीपत्ता हवा होता. कढीपत्ता घेतला नि बसली तासभर. तिच्या भाचीला शीवच्या हॉस्पिटलात मुलगी झाली, सव्वातीन किलोची. कमलाबाई म्हणते बाळाचं नाक बापावर गेलंय. मी तो बाप पाहिलाय. नाक नसतं गेलं तर बरं होतं.

असो. प्रफुल्लचं म्हणणं असं की कॉम्प्युटरच्या आत एक सिष्टिम असते, आपल्यात आहे तिचं नाव विंडोज दहा. कंपनी ती आता सांभाळणार नाही. पुढची अकरा नंबरची आपल्या खोक्यात चढत नाही, खोकं जुनं. "काढा भंगारात, काकी. माझ्याकडे एक सेकंडहँड पडलाय, आणून देतो."

संध्याकाळी तुझा बाप कामावरून आला. तुझ्या आईने, प्रितीने त्याला सांगितलं. राकेश काय म्हणाला ठाऊक आहे? "बरं झालं. त्या टेबलाच्या जागी फ्रिज बसेल." म्हणजे जीव जायच्या आधीच वारस उभा!

मनू, तू त्या बंगळूरच्या कंपनीत दिवसभर हेच करतेस ना? मग तूच सांग. चौदा तारखेला तो खरंच काळा पडणार? सकाळी की संध्याकाळी? मला आपला पत्त्यांचा खेळ खेळायला लागतो, बाकी काही नाही. वय झालं, बोटं चालती राहतात.

नि तारीख बघ गो कुठली काढली त्यांनी. चौदा ऑक्टोबर. आपल्या लोकांनी नागपूरला जुनं सोडून दीक्षा घेतली तीच! त्या कंपनीवाल्यांना कुणी सांगितली असेल?

फोन करू नको. फोनवर तू हो हो म्हणतेस नि मागे कुणीतरी इंग्रजीत बोलत असतं. पत्र वाचताना तुला गप्प बसावं लागतं. मला हे लिहायला दोन दुपारी लागल्या.

तुझी आजी
सुंदराबाई


बंगळूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,
सविनय जयभीम.

पत्र ऑफिसातच मिळालं. गप्प बसूनच वाचलं. त्या नाकापाशी मात्र जोरात हसले, सगळे बघायला लागले.

घाबरू नको. चौदा तारखेला काहीही काळं पडणार नाही. तू असं समज, दुरुस्तीवाल्यांनी आपल्या चाळीची दुरुस्ती करायचं बंद केलं. चाळ त्या दिवशी पडत नाही. पण उद्या गच्ची गळायला लागली, चोराने कडी तोडली, तर कुणी येणार नाही. तसंच. चालेल, पण रामभरोसे.

प्रफुल्लदादाचा सेकंडहँड घेऊ नको. त्याच्याकडे जे पडलेलं असतं ते पडायच्या लायकीचंच असतं. दुसरा मार्ग आहे. लिनक्स नावाची एक वेगळी सिष्टिम आहे. फुकट मिळते. जगभरची माणसं मिळून ती बनवतात नि सांभाळतात. आपल्या जुन्या खोक्यावर मस्त चालेल, आहे त्यापेक्षा जलद. पत्ते त्यात पण आहेत, सात प्रकारचे. मराठीत वाचता येतं, लिहिताही येतं.

माटुंग्याच्या एका कॉलेजातली मुलं घरोघर जाऊन हे करून देतात. माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण श्रेया त्यांच्यात आहे. ती नि तिचा मित्र शंतनु अठ्ठावीस तारखेला, रविवारी येतील. तू फक्त चहा दे.

आजी, बदलायला काय हरकत आहे? तू साठीनंतर लिहायला शिकलेली बाई. हे त्यापुढे काहीच नाही.

तुझी मनू


घोडपदेव
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

चि. मनूस जयभीम.

आली होती तुझी मुलं. पहिली श्रेया, बरोबर दहाला. ही शीवची. शंतनु अर्ध्या तासाने, घामाघूम, गिरगावातून आला नि आपली चाळ सोडून पुढच्या दोन चाळींत विचारून आला. एका ठिकाणी त्याला पाणी पाजलं, एका ठिकाणी स्थळ सांगितलं म्हणे.

फक्त चहा दे म्हणालीस. असं असतं का? घावणे घातले. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. शंतनुने पाच खाल्ले. म्हणाला, "आजी, आमच्याकडे अशी जाळी पडत नाही." म्हटलं, "तवा तापू देत नसाल. गिरगावकरांना घाई." श्रेया त्याला म्हणते, "तू कॉम्प्युटर बघायला आलायस की तवा?" बरी आहे मुलगी. त्याला धरून ठेवते.

मग त्यांनी खोकं उघडून झाडलं. आतून इतका कापूस निघाला की उशी झाली असती. शंतनु म्हणाला, "आजी, आधी नुसतं दाखवतो. जुनं काही पुसत नाही. ह्या एवढ्याशा पेनड्राइव्हवर नवी सिष्टिम आहे, तिच्यावरनं चालवतो. आवडली तर ठेवायची." चालवली. दिसायला देखणी आहे, खोटं कशाला बोलू. माझं नाव मराठीत टाकून दाखवलं त्याने. पत्त्यांचा डाव पण लावून दिला.

मग म्हणाला आजोबांच्या फाइली उघडतात का बघू. नि तेवढ्यात लाईट गेली. पडदा एकदम काळा. बिचारी मुलं घाबरली. म्हटलं राहू दे आता, लाईटचा भरवसा नाही, जा घरी. डबा भरून दिला.

मनू, मी विचार केला. नको ती सिष्टिम. आहे ती बरी. दोघांना तसं कळव, रागावून नको. मला नवं जमत नाही गो आता, डोकं चालत नाही. गच्ची गळली तर गळली, खाली बादली ठेवू.

एक असंच विचारते. लाईट जायच्या आधी त्याने फाइल उघडली तेव्हा अक्षरं नव्हती दिसत. मुंग्यांच्या रांगेवर कुणी पाणी टाकावं तसं काहीतरी होतं. असं का झालं? तुझे आजोबा लग्नाच्या, कुणी गेलं की जलदान विधीच्या पत्रिका करायचे त्या असतील. त्यांचं काय एवढं. असंच विचारलं.

कमलाबाईच्या भाचीच्या बाळाचं नाव ऋता ठेवलं. नाक तसंच आहे.

तुझी आजी


बंगळूर
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी,

श्रेयाचा फोन आला होता. ती म्हणाली, लाईट गेली तेव्हा पंखा फिरत होता.

आजी, पंखा फिरत होता. आणि तू टेबलाखालून उठलीस म्हणे.

मी रागावले नाही. हसले पण नाही. तू घर चालवलंस, माझ्या बापाला चालवलंस, नव्या गोष्टीला भिऊन प्लग ओढणारी तू नाहीस. त्या फाइलीत काय आहे? पत्रिका असत्या तर तू प्लग ओढला नसतास.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. आजोबा ज्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामवर काम करायचे तो फार जुना आहे. खोक्याच्या मागे ते कुलूप लावलंय ना, बोटाएवढं, ते असल्याशिवाय उघडत नाही. त्यातली फाइल फक्त त्याच प्रोग्रामला वाचता येते, आणि तो प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. लिनक्सवर गेलीस तर त्या फाइली राहतील, पण वाचता येणार नाहीत.

काय आहे ते सांग. नाही सांगितलंस तरी चालेल, मग मी श्रेयाला नको कळवते. पण लाईटवर ढकलू नको.

तुझी मनू


घोडपदेव
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. मनू,

मेली ती श्रेया. पंख्याकडे बघत होती होय.

सांगते. पण बापाला सांगू नको, तो हसेल. नाही, हसणार नाही. रडेल, ते जास्त वाईट.

तुझे आजोबा गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचे, तुला ठाऊक आहे. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात. हे रामजी भालेराव उलटं वाचण्यात पटाईत, नि बायकोला सुलटं पण येत नाही, ही त्यांना बोच. रिटायर झाल्यावर म्हणाले, सुंदरा, बस. पुस्तक आणलं. त्यात बदक, छत, गवत. मी म्हटलं, माझा नि बदकाचा काय संबंध? चार दिवसांत पुस्तक मिटलं. तेव्हा ते कॉम्प्युटरवर बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता वाच. पडद्यावर ही एवढी मोठी अक्षरं:

"सुंदरा भाजी घेते. भाजीवाला कमी मापतो. सुंदरा भांडते. गल्ली ऐकते."

मनू, मी ती चार वाक्यं वाचायला सकाळची दुपार केली. नि "गल्ली ऐकते" वाचून त्यांच्या पाठीत धपाटा घातला. तो माझा पहिला पाठ.

असे त्यांनी शहाण्णव पाठ केले. सगळे आमच्याच घरातले. राकेश परीक्षेत नापास झाला तो. प्रिती सून म्हणून आली नि पहिल्याच दिवशी दूध उतू घालवलं तो. तू जन्मलीस तो चोवीसावा. जोडाक्षरं पुढे पुढे. ते गेले तेव्हा माझे चाळीस झाले होते. आता शिकवणार कोण म्हणून मी महिनाभर टेबलाकडे बघितलं नाही. मग पौर्णिमेला विहारातून आले, बसले नि एकेचाळीसावा आपला आपण वाचला. संध्याकाळपर्यंत लागला. पण घरात कुणी बोलल्यासारखं झालं.

तेव्हापासून दर पौर्णिमेला एक. दोन नाही वाचत. वाचले तर लवकर संपतील ना. परवा आश्विन पौर्णिमेला चौऱ्याहत्तरावा झाला. बावीस उरलेत. अजून बावीस महिने ते मला काहीतरी नवीन सांगणार आहेत. ज्या दिवशी शहाण्णवावा होईल त्या दिवशी ते खरे गप्प होतील. आता सांग, मी प्लग ओढला तर काय चुकलं?

पण मी मूर्ख पण नाही. खोक्यातून आता टकटक आवाज येतो. परवा पाठ उघडायला इतका वेळ लावला की मी भीमस्मरण म्हणून संपवलं.

दोन दिवस सासूबाई आठवताहेत. दीक्षा घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी घरातले देव पाटीत भरले नि भाऊच्या धक्क्यावर जाऊन समुद्रात सोडले. सात पिढ्यांचे देव. परतताना रिकामी पाटी डोक्यावर बरी वाटेना, म्हणून त्यातनं बोंबील घेऊन आल्या. घरी सगळे गंभीर बसलेले, नि ह्या म्हणतात, तेल तापवा! आम्ही ही गोष्ट किती हसून सांगायचो. आता वाटतं, त्या वाटेवर त्या किती वेळा थांबल्या असतील ते कुणी विचारलंच नाही. मला त्यांच्यासारखी पाटी पालथी करता येत नाही गो.

तूच सांग काय करू.

तुझी आजी


बंगळूर
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी,
जयभीम, आणि आजच्या दिवसाच्या मंगल कामना.

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. दोनदा.

आजोबांना फाइल सेव्ह करायला मी शिकवलं होतं, चौदा वर्षांची असताना. नावं इंग्रजी आकड्यांत का टाकता विचारलं तर म्हणाले, "पत्रिकांचे नंबर आहेत." मला पण फसवलं त्यांनी. चोवीसावा मी अजून वाचलेला नाही, हे लक्षात ठेव.

आता ऐक. टकटक आवाज येतो ती आतली डिस्क आहे. सगळे पाठ तिच्यावरच आहेत. ती कधी जाईल सांगता येत नाही, उद्या किंवा पुढच्या वर्षी. तू एक एक पुरवून वाचतेस, पण ती तुझ्यासाठी थांबेलच असं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तू मूर्ख नाहीस, म्हणून लिहिते.

मी इथून नवी डिस्क पाठवते. नवी सिष्टिम तिच्यावर बसेल. जुनी डिस्क काढून तुझ्याकडेच राहील. पण त्याआधी, जुनी चालतेय तोवर, सगळे पाठ कागदावर छापून घ्यायचे.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. कागदावर आले की बावीसच्या बावीस एकदम हातात. आणि छापणाऱ्याच्या नजरेला तुझ्याआधी पडणार. श्रेया-शंतनुला मी एवढंच सांगितलंय की ते वाचायचे नाहीत. शंतनु म्हणाला, "न बघता छापू." कसं, ते त्याने सांगितलं नाही.

बदलायचं की नाही ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही, आणि बाबांना सांगेन की फ्रिज दुसरीकडे बसवा.

तुझी मनू


घोडपदेव
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद नि जयभीम.

काल झालं सगळं. शेवटी शेवटी तुझ्या फोनवरच होती मुलं, तरी तिकडून तुला दिसलं काय? ऐकू आला तो गोंधळ. म्हणून लिहिते.

काल पहिला शंतनु आला, ह्या खेपेला न चुकता, घरचा प्रिंटर पाठीला बांधून. पाळण्यातलं पोर आणावं तसा. श्रेयाने लिफाफे आणले होते. मी रात्रभर ठरवत होते नको म्हणायचं. दोघं दारात उभी राहिली नि तोंडातून निघालं, "या, तवा तापलाय."

न बघता छापायची युक्ती काय होती सांगू? आधी मी त्याला माझा पहिला पाठ वाचू दिला, भाजीवाल्याचा. त्यावर त्याने बटणांची तालीम केली. किती बटणं, कुठली, कशामागून कुठलं. चारदा छापला तोच पाठ. प्रितीकडे एक, कमलाबाई आली होती तिला एक, आता सगळ्या चाळीला कळलं मी भाजीवाल्याशी भांडते. मग माझे वाचून झालेले चौऱ्याहत्तरपर्यंतचे छापून घेतले, नि उरलेल्यांना त्याने पडदाच बंद केला. काळ्या पडद्यासमोर बसून नुसती बोटं मोजून बटणं दाबायला लागला. मनू, तुझे आजोबा छापखान्यात असेच बसायचे, खिळ्याकडे न बघता हात बरोबर त्या अक्षराच्या खणात. मी तोंड खिडकीकडे केलं.

प्रिंटरवर श्रेयाने आपला मोठा टॉवेल टाकला. कागद टॉवेलाखाली यायचा, ती चाचपडून घडी घालायची नि लिफाफ्यात सरकवायची. पंच्याहत्तर. शहात्तर. प्रिंटर एका पाठाला चांगला मिनिटभर करकर करायचा. कमलाबाई म्हणाली, "रामजीभाऊ बोलतायत बघ, तंबाखू खाऊन." मला हसू फुटलं, मग मला बघून सगळ्यांना.

अठ्ठ्याऐंशी झाला. एकोणनव्वदाव्याला प्रिंटर नुसता खर्र म्हणाला नि कागद बाहेर. नव्वद, तेच. खर्र. शंतनुची बोटं थांबली. त्याची पाठ माझ्याकडे, तरी मला कळलं. "आजी," म्हणाला, "ही पानं कोरी येतायत." आवाज असा की आता रडेल. "माझ्याकडनं काहीतरी पुसलं गेलं बहुतेक."

मला वाटलं, झालं, पाटी पालथी झाली नि आत काहीच नव्हतं. पण पोराचा चेहरा पाहवेना. म्हटलं, "काढ तो टॉवेल. पडदा लाव. बघू या."

पान कोरं नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ. "सुंदराची आई". खाली सगळं पांढरं. नव्वदाव्यावर "सुंदराच्या गावची नदी". पांढरं. "सुंदरा शाळेत का गेली नाही". पांढरं. असे आठ. तेव्हा शंतनुने तुला फोन लावला, नि तू त्याला म्हणालीस, घाबरू नको, फाइल कधी केली ती वेळ वाच. त्याने वाचली. आठही एकाच दुपारी, पंधरा मिनिटांत. त्यांना हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी. तू म्हणालीस, काही पुसलेलं नाही आजी, आजोबांनी एवढंच लिहिलं होतं. तुला वाटलं असेल आजोबांना वेळ पुरला नाही, म्हणून आजी आता खचणार.

तसं नाही गो. ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर आली. मी सुकट निवडत होते. ते टेबलाशी बसून विचारतायत, "सुंदरा, तुझ्या आईचं नाव काय गं होतं?" मी म्हटलं, पन्नास वर्षांनी आठवण झाली काय? मग म्हणाले, "तुमच्या नदीला नाव होतं का?" मी म्हटलं, होतं, चहा प्या. "तुला शाळेत का नाही घातलं?" मी म्हटलं, आता काय माझी जनगणना करताय? डोकं खाऊ नका, सुकटीत खडे राहतील.

त्यांना वेळ होता. त्यांना ठाऊक नव्हतं! लग्नाआधीची सुंदरा त्यांनी बघितलीच नव्हती, लिहिणार कुठून? शहाण्णवातले अठ्ठ्याऐंशी त्यांना येत होते, ते त्यांनी लिहिले. हे आठ त्यांना येत नव्हते. विचारायला आले तर मी चहा पाजला.

मी तिथेच बसून हसायला लागले. पदर डोळ्यांना होता, पण हसतच होते, श्रेयाला विचार. पावणेतीन वर्षं मी एक एक पाठ जपते, की माणूस बोलायचा संपू नये. नि तो तिकडे मी बोलायची वाट बघतोय.

शहाण्णवावा काय आहे ते फोनवर तुला कुणी सांगितलं नाही, मीच खुणेने नको म्हटलं. वर लिहिलंय, "सुंदराने रामजीला पहिल्यांदा पाहिलं". कमलाबाईने ते मोठ्याने वाचलं नि अशी बघायला लागली की ह्या वयात मी लाजले. "काय गो, काय वाटलं होतं तेव्हा?" म्हणते. तिला कशाला सांगू? त्यांनी पण कधी विचारलं नव्हतं. धीर झाला नसेल.

मग मीच शंतनुला म्हटलं, "टाक तुझी सिष्टिम." तो म्हणतो, "आजी, नक्की ना? पुन्हा विचार करा." म्हटलं, "अरे, जुन्या प्रोग्रामात लिहायला मला येत नाही, त्याचं कुलूप तुझ्या आजोबांच्या वयाचं. मला नव्यात शिकव." तू पाठवलेली डिस्क त्यांनी बसवली. जुनी मी तुझ्या आजोबांच्या मफलरात गुंडाळून कपाटात ठेवली. टकटक थांबली. पहिल्यांदा जरा सुनं वाटलं, मग प्रितीने कुकर लावला.

राकेश मध्येच आला. आठ पानं उलटून पालटून बघितली. "आज्जीचं नाव काय होतं गं, आई?" असं त्याने पण विचारलं. त्याला पण ठाऊक नाही! तो फ्रिजचं काही बोलला नाही. खुर्चीचा हलता पाय मात्र खिळा मारून बसवून दिला.

चौदा लिफाफे माझ्या उशाशी आहेत. परवा बुधवारी कार्तिक पौर्णिमा, पंच्याहत्तरावा उघडीन. ते आपल्या चालीनेच चालू देत. माझे आठ मात्र पौर्णिमेची वाट बघणार नाहीत. चोवीसावा तुला ह्यासोबत पाठवते, एकटीने वाच.

नव्या सिष्टिमवर मराठी बटणं कुठली ते अजून मला कळत नाही. काल "स" दाबायला गेले नि भलतंच उमटलं. शंतनु म्हणाला, बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवून देतो नि बसून शिकवतो. श्रेया म्हणाली, आजी, तोवर पहिलं वाक्य ठरवून ठेवा. दोन ठरवलीत. "सुंदराच्या आईचं नाव जनाई होतं. ती कुणाला भीत नव्हती." पुढचं येईल.

मुलं परत यायची आहेत रविवारी, नऊ तारखेला, सकाळी अकराला.

तुझी आजी
सुंदरा